पीईटीवरचा पारदर्शक वाहक थर पक्का कसा बसवावा: नागपूरच्या हवेसाठी सविस्तर कृती

पीईटी या पारदर्शक पॉलिएस्टर प्लास्टिकच्या फिल्मवर पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा थर दिला, वाळवला, विजेचा रोध हवा तसा आला. मग सेलोटेप लावून ओढली आणि निळसर पोपडा टेपसोबत निघून आला. अशा वेळी बहुतेक जण लगेच पृष्ठभाग सक्रिय करणाऱ्या प्लाझ्माचा (विजेनं भारलेल्या वायूचा) वेळ वाढवतात किंवा शाईत, म्हणजे थराच्या द्रावात, आणखी बाइंडर (जोडणारा पदार्थ) ओततात. दोन्हींमुळे नुकसान होऊ शकतं. थर नक्की कुठून सुटला हे आधी पाहावं, कारण प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे. या लेखात मुख्य कृती पेडॉट-पीएसएस आणि पीईटीची आहे, कारण महाविद्यालयीन प्रयोगशाळेत किंवा छोट्या कार्यशाळेत हीच जोडी सर्वांत जास्त वापरात असते. चांदीच्या नॅनोतारा (अतिसूक्ष्म तारा) आणि आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइड) यांत जे वेगळं करावं लागतं ते पुढे थोडक्यात दिलं आहे.

आधी सुटलेली जागा ओळखा

ओढलेली टेप पांढऱ्या कागदावर चिकटवा. निळा डाग स्वच्छ, अखंड कडेचा असेल आणि प्लास्टिकवर त्या जागी काहीच रंग उरला नसेल, तर पकड प्लास्टिक आणि थर यांच्या सीमेवरच सुटली. मग त्या उघड्या जागेवर ड्रॉपरनं पाण्याचा छोटा थेंब सोडा. थेंब गोल उभा राहिला, तर पृष्ठभाग सक्रिय झालाच नव्हता किंवा त्यावर तेलकट थर होता. थेंब झटकन पसरला, म्हणजे पृष्ठभाग सक्रिय होता आणि तरी थर सुटला. अशा वेळी प्रमाणाबाहेर प्रक्रिया झाल्याचा किंवा ताणाचा संशय घ्यावा.

टेपवरही निळा आणि प्लास्टिकवरही फिकट निळा दिसत असेल, तर थर स्वतःच मधून फाटला. मल्टिमीटरची टोकं प्लास्टिकवरच्या त्या फिकट जागेवर टेकवा. रोध वाढलेला पण मोजता येण्याजोगा असेल, तर निदान पक्कं. इथे प्लास्टिकवर कितीही प्लाझ्मा मारला तरी फरक पडणार नाही. दोष शाईत, थराच्या जाडीत किंवा वाळवण्यात आहे.

थर टेप न लावताच सुटत असेल, वाळवताना बारीक सुरकुत्या किंवा फुगे येत असतील, तर कारण आकुंचनाचं. ते पुढे पाहू.

प्लास्टिक आणि त्याची मर्यादा

पीईटीचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्यावर प्लास्टिक मऊ व्हायला लागतं ते, ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास असतं, पीईएन या दुसऱ्या पॉलिएस्टरचं साधारण १२०, पॉलिकार्बोनेटचं १४५ ते १५०, आणि ॲक्रिलिकचं १०५च्या जवळ. पीईटी दोन्ही दिशांनी ताणून बनवलेली असल्यानं ती या तापमानाच्या वरही आकार बऱ्यापैकी धरते, पण ताणलेली साखळी गरम झाली की मागे सरते. साधी फिल्म १५० अंशांवर अर्धा तास ठेवली तर एक टक्का किंवा त्याहून जास्त आकसू शकते. उष्णतास्थिर केलेली फिल्म त्याच्या अंशमात्रच आकसते.

हा आकडा का महत्त्वाचा ते हिशेबानं बघा. पीईटी आणि आयटीओ यांच्या प्रसरणातला फरक दर अंशामागे साधारण दशलक्षात दहा भाग धरला, तर ८० अंशांच्या फरकानं पडणारा ताण ०.०८ टक्का. फिल्मच्या एका टक्क्याच्या आकुंचनापुढे तो काहीच नाही. थर सुटण्याचं खापर लोक प्रसरणाच्या फरकावर फोडतात. पीईटीवर खरा गुन्हेगार बहुधा आकुंचन असतो.

म्हणून फिल्म विकत घेताना तीन गोष्टी विचारा: उष्णतास्थिर आहे का, कोणत्या बाजूला कोरोना (विजेच्या झोतानं पृष्ठभाग सक्रिय करण्याची प्रक्रिया) किंवा प्रायमर (पकड देणारा आधीचा थर) आहे, आणि जाडी किती. एका बाजूला ॲक्रिलिक प्रायमर असलेली फिल्म सर्रास मिळते. बाजू कळत नसेल, तर दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब टाकून बघा. सुरुवातीला १०० किंवा १२५ मायक्रॉनची फिल्म घ्या, कारण ५० मायक्रॉनची ओव्हनमध्ये हाताळताना दुमडते.

आधी आकसू द्या, मग धुवा

हा क्रम बदलू नका. फिल्मचे तुकडे कापून, कुठेही न दाबता, स्वच्छ काचेवर किंवा स्टीलच्या ताटात मोकळे ठेवा आणि १३० अंशांवर ३० मिनिटं तापवा. पुढे थर वाळवताना जे सर्वोच्च तापमान देणार आहात त्यापेक्षा हे किमान दहा अंशांनी जास्त हवं. आधी पेननं बरोबर १०० मिमीच्या दोन खुणा करून ठेवा आणि नंतर मोजा. दुसऱ्यांदा तापवल्यावर अंतर बदललं नाही, की फिल्म तयार.

तापवल्यावर पीईटीच्या आतले छोटे चक्रीय रेणू, म्हणजे ऑलिगोमर, पृष्ठभागावर येऊन बसतात. तिरप्या उजेडात फिल्म किंचित धुरकट दिसते ती त्यामुळे. त्यांच्यावर दिलेला थर त्यांच्यासकट सुटतो, म्हणूनच धुणं या पायरीनंतर येतं.

धुण्यासाठी ४० ते ५० अंशांच्या पाण्यात १ टक्का उदासीन, सुगंध नसलेला प्रयोगशाळेचा डिटर्जंट घ्या आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १० मिनिटं ठेवा. घरच्या भांड्यांचा साबण नको, कारण त्यातले मृदुकारक आणि सुगंध मागे राहतात. नंतर शुद्ध पाण्यानं तीनदा खळबळा, मग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) ५ मिनिटं, आणि शेवटी गाळलेल्या कोरड्या हवेनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फुंकून वाळवा. कॉम्प्रेसरची हवा असेल तर तेलाचा फिल्टर हवाच. आधी ती हवा स्वच्छ काचेवर अर्धा मिनिट मारा आणि काचेवर तवंग दिसतो का बघा.

पाण्याबाबत नागपूरकरांनी विशेष सावध राहावं. बोअरचं पाणी जड असतं, आणि घरच्या आरओचं पाणी पिण्यासाठी असतं, क्षारमुक्त नसतं. शेवटच्या खळबळीचं पाणी टीडीएस मीटरवर शून्य किंवा एक दाखवणारं हवं. मीटर नसेल तर त्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर वाळू द्या आणि मागे काळा कागद धरा. पांढरी कडी दिसली तर ते पाणी वापरू नका. तीच कडी तुमच्या फिल्मवरही बसणार आहे. बॅटरीसाठी विकलं जाणारं पाणी पहिल्या दोन खळबळींना चालतं, शेवटच्या खळबळीला वापरण्याआधी मात्र हीच चाचणी करा.

पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक यांना ॲसिटोन लावू नका, दोन्ही खराब होतात. ॲक्रिलिकला आयपीएनंही बारीक तडे जाऊ शकतात, तेव्हा तिथे साबण आणि पाणी यांवरच थांबा. हातमोजे पावडरविरहित नायट्राइलचे घ्या. हाताचं लोशन, सिलिकॉनचा स्प्रे किंवा ग्रीस त्या खोलीत नसावंच. थरात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं दिसली की सिलिकॉनचा शोध घ्यायचा.

पृष्ठभाग सक्रिय करणं

साध्या पीईटीची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्राव स्वतःवर पसरवून घेण्याची क्षमता, ४२ ते ४४ डाइन दर सेंटिमीटरच्या (पुढे नुसतं डाइन) आसपास असते. शाई नीट पसरायला प्लास्टिकची पृष्ठऊर्जा शाईच्या पृष्ठताणापेक्षा साधारण १० डाइननं जास्त असावी असा व्यवहारातला नियम आहे. पाण्यातल्या शाईसाठी ५४ ते ५८ हे लक्ष्य ठेवा. तिथवर पोचायचे मार्ग तीन.

ऑक्सिजन प्लाझ्माचं छोटं यंत्र असेल तर ५० वॉटच्या आसपास ३० ते ६० सेकंद पुरतात. यूव्ही-ओझोन असेल, म्हणजे १८५ आणि २५४ नॅनोमीटरचे पारा-दिवे, तर दिव्यापासून काही मिलिमीटरवर ५ ते १० मिनिटं. ओझोन फुप्फुसांना घातक आहे, म्हणून यंत्र बंद झाल्यावर हवा बाहेर खेचली जाईपर्यंत झाकण उघडू नका. तिसरा मार्ग कोरोनाचा. पॅकेजिंगच्या फिल्म छापणाऱ्या कारखान्यांत हे यंत्र छपाईच्या ओळीवरच बसवलेलं असतं. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत ओळख असेल, तर थोडी फिल्म तिथून काढून घेता येते. कोरोनाची मात्रा म्हणजे वॉट भागिले (रुंदी गुणिले वेग), रुंदी मीटरमध्ये आणि वेग दर मिनिटाला मीटरमध्ये. पीईटीला तुलनेनं कमी मात्रा लागते, तेव्हा खालून सुरुवात करून पायरीपायरीनं वाढवा.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. प्रक्रिया वाढवत नेली की पृष्ठभागावरच्या साखळ्या तुटून छोटे, ऑक्सिजनयुक्त तुकडे तयार होतात. पाण्याचा थेंब सुंदर पसरतो, डाइनचा आकडा वाढतो, पण हे तुकडे खालच्या प्लास्टिकला धरून नसतात. भुकटी सुटलेल्या चुन्यावर रंग मारावा तसं होतं: रंग चुन्याला चिकटतो आणि चुना भिंतीला सोडतो. हे पकडण्याची चाचणी सोपी आहे. प्रक्रियेनंतर डाइन मोजा, तुकडा शुद्ध पाण्यानं धुवून वाळवा, पुन्हा मोजा. आकडा दोन-तीननं उतरला तर ठीक. ८-१०नं उतरला तर मात्रा कमी करा.

डाइनचा द्राव किंवा पेन वापरताना ओली रेघ दोन सेकंद अखंड राहिली पाहिजे. रेघ आधीच थेंबांत फुटली तर खालचा आकडा घ्या. पेनचं टोक फिल्मवरची घाण उचलतं आणि पुढचे सगळे आकडे बिघडवतं, म्हणून बाटलीतला द्राव आणि कापसाची नवी काडी हे जास्त भरवशाचं. अशा अनेक द्रावांत फॉर्मामाइड असतं, ते गर्भाला घातक आहे. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

सक्रिय केलेला पृष्ठभाग टिकत नाही. ध्रुवीय गट हळूहळू आत वळतात आणि उष्णतेनं ते लवकर होतं. मे महिन्यात खोली ३८-४० अंशांवर असेल तर सकाळी केलेल्या प्रक्रियेवर संध्याकाळी विसंबू नका. अर्ध्या तासात थर द्या. थांबावंच लागलं तर तुकडा झाकणाच्या काचेच्या बशीत ठेवा. पॉलिथिनच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी गुळगुळीत सरकावी म्हणून तिच्यात घातलेलं मिश्रक थेट तुमच्या पृष्ठभागावर उतरतं.

सिलेनचा प्रायमर, गरज असेल तर

थर पाण्याच्या किंवा घामाच्या संपर्कात येणार असेल तर प्लाझ्मावर थांबू नका. सिलेन म्हणजे प्लास्टिक आणि थर दोघांनाही धरणारं सिलिकॉनयुक्त रसायन. पीईटीसाठी अमिनो-सिलेन, म्हणजे एपीटीईएस, चांगलं काम देतं, कारण त्याचा अमिनो गट पेडॉट-पीएसएसमधल्या आम्लगटांना धरतो. ९५ मिली इथेनॉल, ५ मिली पाणी आणि १ मिली एपीटीईएस ढवळून १० मिनिटं थांबा. शुद्ध इथेनॉल मिळवणं परवान्याचं काम आहे, त्याऐवजी आयपीए चालतं. प्लाझ्मा दिलेली फिल्म २ मिनिटं बुडवा, लगेच त्याच अल्कोहोलनं नीट खळबळा, आणि ११० अंशांवर १० मिनिटं ठेवा. खळबळणं टाळलं तर सिलेनचा जाड थर राहतो, आणि जाड सिलेन स्वतःच फाटतं.

हेच सिलेन पॉलिकार्बोनेटला लावू नका. अमाइन त्याच्या साखळ्या तोडतं. तिथे इपॉक्सी-सिलेन, म्हणजे जीओपीएस, १ टक्का घ्या, ॲसेटिक आम्लानं द्रावाचा पीएच ४.५ ते ५ करा आणि अर्धा-पाऊण तास थांबून वापरा. पावसाळ्यात सिलेनची बाटली उघडली की हवेतली ओल आत जाते, तेव्हा छोट्या बाटल्या घ्या. गढूळ झालेलं सिलेन टाकून द्या.

शाई आणि थर

२० मिली पेडॉट-पीएसएस (घनभाग १ ते १.३ टक्के) घ्या. ढवळत १ मिली डीएमएसओ घाला, यानं वाहकता वाढते. मग पसरण्यासाठी आयनरहित पृष्ठसक्रियक, उदाहरणार्थ ट्रायटन एक्स-१००, आधी पाण्यात १० टक्क्यांचा करून त्यातला ०.२ मिली, म्हणजे शाईत ०.१ टक्का. शेवटी जीओपीएस. तेही ढवळत थेंबथेंब टाका, १५ मिनिटं ढवळू द्या, ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून गाळा आणि त्याच दिवशी वापरा. ही शाई मुळातच आम्लधर्मी असल्यानं जीओपीएस लगेच जुळायला लागतं; दुसऱ्या दिवशी गाठी दिसतात.

जीओपीएस किती घालावं यावर आमचं ठाम मत आहे. बऱ्याच कृतींत १ टक्का लिहिलेला असतो. शाईतला घनभागच जेमतेम सव्वा टक्का, तेव्हा १ टक्का जीओपीएस म्हणजे वाहक पदार्थाच्या जवळपास बरोबरीनं न वाहणारा पदार्थ. थर पाण्यात बुडणार असेल तर ते योग्यच. नुसता पडद्याचा किंवा तापक-फिल्मचा थर असेल तर ०.२ टक्क्यापासून, म्हणजे २० मिलीला ४० मायक्रोलिटरपासून सुरू करा. चाचणीत थर टिकला नाही तरच ०.५ वर जा.

पृष्ठसक्रियकाचंही तसंच. जास्त घातला की तो सीमेवर साचतो आणि पकड घालवतो. प्लास्टिक नीट सक्रिय असेल तर ०.१ टक्का पुरतो.

थर देण्यासाठी तारगुंडाळीची दांडी, म्हणजे शाई ठरावीक जाडीत पसरवणारी तार गुंडाळलेली सळई, सगळ्यात सोयीची. १० क्रमांकाची दांडी साधारण २५ मायक्रॉन ओला थर देते, त्यातून सव्वा टक्क्याच्या शाईचा कोरडा थर ३०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. थर जितका जाड तितका साठलेला ताण जास्त, म्हणून रोध कमी करायचा असेल तर ६ क्रमांकाच्या दांडीनं दोन पातळ थर द्या आणि पहिला पूर्ण वाळवूनच दुसरा द्या. वाळवणं: ६० अंशांवर ५ मिनिटं, मग ११५ ते १२० अंशांवर २० मिनिटं. फिल्मच्या चारही कडा काचेवर पॉलिइमाइड टेपनं धरा आणि ओव्हनमधून काढल्यावर काचेसकट थंड होऊ द्या. गरम फिल्म उचलली की ती वाकते, आणि मऊ पीईटीवरचा थर सुटायला तेवढं पुरतं.

शाईची बाटली २ ते ८ अंशांत ठेवा. गोठली की पुन्हा जुळत नाही, म्हणून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ नको.

कूलर, नवतपा आणि पावसाळा

थर देताना खोली २४ ते २७ अंश आणि आर्द्रता ४० ते ५५ टक्के हवी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या अति उष्ण नऊ दिवसांत, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, ओला थर दांडीमागेच सुकायला लागतो आणि पट्टे पडतात. शिवाय कोरड्या हवेत फिल्मचं संरक्षक आवरण सोलताना स्थिर विद्युत साठते आणि हवेतली धूळ फिल्मवर ओढली जाते. धुळीच्या प्रत्येक कणाभोवती पकड नसलेलं एक वर्तुळ राहतं. आवरण हळू सोला, आयनीकृत हवेचा पंखा असेल तर वापरा, आणि काम सकाळी लवकर उरकून घ्या.

थर देताना कूलर मात्र बंद ठेवा. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतून येणारी हवा पाण्याचे सूक्ष्म थेंब, त्यातले क्षार आणि ताटीचे तंतू घेऊन येते. खोली आधी थंड करून घ्या, कूलर थांबवा, अर्धा तास धूळ खाली बसू द्या, मग फिल्म बाहेर काढा. एसी असेल तर हा प्रश्न येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण. पीईटी वजनाच्या सुमारे अर्धा टक्का पाणी पिते. सक्रिय करण्याआधी फिल्म ७० अंशांवर एक-दोन तास ठेवा. पेडॉट-पीएसएसही ओल शोषून फुगतं, तेव्हा पावसाळ्यातले रोधाचे आकडे ओव्हनमधून काढल्यावर ठरावीक वेळानंतरच घ्या, नाहीतर तुलना करता येत नाही.

नॅनोतारा आणि आयटीओ

चांदीच्या नॅनोतारा प्लास्टिकला जेमतेम टेकलेल्या असतात, नुसत्या बोटानंही निघतात. त्यांना पकड वरून द्यावी लागते. तारांचा थर १०० ते ११० अंशांवर वाळवा, रोलरखाली दाबा, मग ॲक्रिलेट किंवा पॉलियुरेथेनचा १ टक्क्याचा द्राव १० मायक्रॉन ओला द्या. तो वाळून १०० नॅनोमीटरच्या आसपास उरतो. तारांची टोकं वर राहतात आणि संपर्क मिळतो. याहून जाड दिला तर थर पक्का होतो, पण वरून वीजच मिळत नाही. तारा दिल्यावर ऑक्सिजन प्लाझ्मा मारू नका, चांदी काळवंडते.

आयटीओमध्ये निर्वातात फिल्ममधलं पाणी काढणं सर्वांत महत्त्वाचं. त्यानंतर थोडा आर्गॉन-ऑक्सिजन प्लाझ्मा, मग १० ते २० नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइड, आणि त्यावर आयटीओ, फिल्म १०० अंशांच्या खाली ठेवून. वाकवण्याचा हिशेब आधीच करा: ताण म्हणजे फिल्मची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची फिल्म ५ मिमी त्रिज्येवर वाकवली तर १.२५ टक्के, ५० मायक्रॉनची तर ०.५ टक्का. आयटीओ साधारण एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान तडकायला लागतं, म्हणजे जाड फिल्म त्या त्रिज्येवर धोक्यातच आहे.

चाचणी: टेपसोबत रोधही मोजा

आडव्या-उभ्या काटछेदाची पद्धत एएसटीएम डी३३५९ या मानकात दिली आहे. फिल्म काचेवर सपाट ठेवून नव्या पात्यानं १ मिमी अंतरानं ११ रेघा आणि त्यांना काटकोनात ११ रेघा मारा, म्हणजे १०० चौकोन होतात. हात हलका ठेवा, नाहीतर पातं पीईटीत खोल जाऊन कडा उचलतं आणि थर विनाकारण नापास होतो. टेप लावून खोडरबरानं घासा, साधारण दीड मिनिटात १८० अंशांच्या जवळच्या कोनात ओढा. काहीच निघालं नाही तर ५बी, पाच टक्क्यांपेक्षा कमी तर ४बी, आणि ६५ टक्क्यांहून जास्त तर ०बी. टेपचा गोंद तापमानानं बदलतो, त्यामुळे मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीतला निकाल डिसेंबरच्या निकालाशी ताडू नका.

पारदर्शक थरात डोळा फसतो. काटछेदाशेजारी, न कापलेल्या जागेवर, दोन समांतर चांदीच्या रेघा काढा, रेघांची लांबी आणि दोन रेघांमधलं अंतर समान ठेवा. मल्टिमीटरचा आकडा हाच चौरस-रोध, म्हणजे थराच्या एका चौरसाचा रोध. तिथेही टेप लावून ओढा आणि पुन्हा मोजा. दिसायला थर शाबूत पण रोध दहा टक्क्यांहून जास्त वाढला, तर वरचा भाग निघालेला आहे.

शेवटची परीक्षा ओलाव्याची. ताजा थर पास होणं सोपं आहे. सीमेवर पाणी शिरलं की कमकुवत पकड उघडी पडते. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या डब्यात मिठाचा संपृक्त द्राव ठेवा, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. वर जाळीवर नमुने ठेवून डबा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ स्थिर राहते. दहा दिवसांनी नमुने काढा, खोलीच्या हवेत एक तास ठेवा आणि काटछेद व रोध दोन्ही पुन्हा घ्या. सोबत सिलेन न लावलेला एक नमुना त्याच डब्यात हवाच, नाहीतर फरक प्रायमरमुळे पडला की शाईमुळे हे सांगता येणार नाही. याहून कडक आर्द्रता-कपाट किंवा संपर्ककोनमापक (थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन मोजणारं यंत्र) लागलं, तर व्हीएनआयटी किंवा एलआयटी या नागपूरच्या तंत्रशिक्षण संस्थांत विचारा. एलआयटीत सरफेस कोटिंग स्वतंत्र शाखा म्हणून शिकवलं जातं. नमुने नेताना प्रत्येकावर प्रक्रियेची तारीख, प्रक्रियेपासून थर देईपर्यंतची मिनिटं, त्या वेळची आर्द्रता आणि जीओपीएसचं प्रमाण लिहून न्या.